भयपटाचं पोस्टर आणि बघणाऱ्याची जागा



काल याच मंचावर संतसाहित्यावर व्याख्यान झालं, उद्या शेतीच्या पाण्यावर होणार आहे आणि मधल्या दिवशी मी भुताखेतांची पोस्टरं घेऊन उभा आहे. संयोजकांच्या धाडसाला दाद दिली पाहिजे. (हशा) ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं ते चित्रकलेचे शिक्षक होते. कॅलेंडर, काडेपेटीवरचा छाप, सिनेमाचं पोस्टर अशा बाजारातल्या चित्रांना त्यांनी कधी हलकं मानलं नाही, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा विषय अगदीच अस्थानी नसावा.

सुरुवात अडचणीपासून करू. भयपट करणाऱ्या दिग्दर्शकाच्या हाताशी काय असतं? अंधार असतो. आवाज असतो. दीड-दोन तास असतात. शिवाय तिकिटाचे पैसे मोजून, दारं लावून बसवलेला प्रेक्षक असतो. पोस्टरकडे यातलं काय आहे? काहीही नाही. ते भर उन्हात भिंतीवर असतं. समोरून रिक्षा चाललेल्या, शेजारी वडापावची गाडी, आणि बघणारा चालता चालता दोन-तीन सेकंद मान वळवणार, त्यातही त्याला बस गाठायची असते. किंकाळी छापता येत नाही. दार करकरत उघडताना दाखवता येत नाही. ते एक तर उघडं असतं किंवा बंद. मग अशा भर दुपारी, एवढ्या गर्दीत, एका कागदाने माणसाच्या पोटात गोळा आणायचा तरी कसा?

याचं एक उत्तर तयारच असतं. भूत दाखवू नका, सुचवा. झाकली मूठ ठेवा, बाकीचं काम बघणाऱ्याचं मन करील. चित्रकलेच्या वर्गात हेच सांगतात, सिनेमाच्या शिबिरात हेच सांगतात. मला हे उत्तर अपुरं वाटतं, आणि का ते पहिल्याच चित्रावरून सांगतो. दिवे थोडे कमी करा.

हे ‘जॉज’चं पोस्टर, साल 1975. पीटर बेंचली यांच्या कादंबरीच्या पेपरबॅक आवृत्तीसाठी रॉजर कॅस्टल या चित्रकाराने केलेलं हे चित्र स्टीव्हन स्पीलबर्गच्या सिनेमाने जसंच्या तसं उचललं. वर पाण्याची आडवी रेघ. रेघेवर पोहणारी एक मुलगी. खालून सरळ उभा वर येणारा शार्क. सांगा, यात झाकलंय काय? जबडा दिसतो, दात दिसतात, अगदी मोजून घ्या. सिनेमात शार्क नीट दिसायला तासाभराहून जास्त थांबावं लागतं, पण पोस्टरने तो पहिल्या सेकंदाला दाखवून टाकलाय. आणि आकार बघा. सिनेमातला शार्क पंचवीस फुटी. इथला मोजायला गेलात तर आगबोटीएवढा भरेल. म्हणजे न दाखवण्याचा नियम मोडला, प्रमाणाचा मोडला, आणि तरीही हे चित्र बघून समुद्रात पाय घालताना लोक दहादा विचार करू लागले. का?

आपण कुठे आहोत ते बघा. आपण किनाऱ्यावर नाही. होडीतही नाही. आपण पाण्याखाली आहोत, शार्कच्या बाजूला. मुलीला जे दिसत नाही ते आपल्याला लख्ख दिसतंय, आणि तिला हाक मारायची सोय नाही, कारण पाण्याखालून हाक जात नाही. तुम्हाला माहिती दिली, अधिकार मात्र काही दिला नाही. अस्वस्थता तिथून येते. दात नसते तरी चाललं असतं. तुमची जागा बदलली असती तर चाललं नसतं. हेच दृश्य वरून, विमानातून काढून बघा मनातल्या मनात; भूगोलाच्या पुस्तकातलं चित्र होईल.

(जाता जाता सांगतो, कॅस्टल यांचं ते मूळ चित्र पुढे गहाळ झालं. जगभर ज्याच्या लाखो प्रती झाल्या त्याची अस्सल प्रत कोणापाशी आहे, कोणाला ठाऊक नाही.)

तर आज माझं म्हणणं एवढंच आहे. भयपटाच्या पोस्टरात काय काढलंय हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की या पोस्टरने मला कुठे उभं केलंय? रंग, प्रकाश, अक्षरं, रिकामी जागा, सगळी हत्यारं या एका कामी लागतात.

आता ‘द एक्झॉर्सिस्ट’. 1973 सालचा विल्यम फ्रीडकिनचा सिनेमा, पोस्टर बिल गोल्ड यांचं. हे गोल्ड म्हणजे ‘कासाब्लांका’पासून पोस्टरं करत आलेले गृहस्थ. इथे त्यांनी वेगळं चित्र काढलंच नाही, सिनेमातलं एक दृश्य उचललं. वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनचा रस्ता, रात्र, धुकं. रस्त्यावरच्या दिव्याखाली हॅट घातलेला एक माणूस, हातात बॅग. समोर घर. घराच्या वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीतून प्रकाशाचा झोत खाली येतोय आणि बरोबर त्या माणसावर पडतोय. बस्स. पछाडलेली मुलगी नाही, क्रूस नाही, रक्ताचा थेंब नाही. सिनेमा माहीत नसलेल्या माणसाला हे चित्र दाखवलं तर तो म्हणेल, डॉक्टर रात्रीच्या व्हिजिटला आलेत.

आणि तरी नजर अडते. मी हे पोस्टर बघत आलोय बरीच वर्षं, अजून अडते. कारण यात प्रकाशाने बाजू बदललीय. तिन्हीसांजेला दिवा लावला की जे वाईट ते उंबऱ्याबाहेर राहतं, हा आपला लहानपणापासूनचा हिशेब. इथे उजेड आतल्या वाइटाकडून येतोय आणि भला माणूस, पछाडलेल्या मुलीला सोडवायला आलेला म्हातारा धर्मगुरू, अंधारात उभा आहे. झोत त्याला वाट दाखवत नाही, झोताने त्याला हेरलंय. फ्रीडकिनला हे दृश्य सुचलं ते बेल्जियन चित्रकार रेने माग्रीत यांच्या एका चित्रमालिकेवरून. त्यात वर दिवसाचं निळं आकाश असतं आणि खाली रात्रीत बुडालेलं, दिवा लागलेलं घर. त्या चित्रांतही भयंकर काही घडत नाही. फक्त प्रकाशाचा हिशेब जुळत नाही, आणि न जुळणारा हिशेब माणसाला सोडता येत नाही.

पण जागेचं काय? आपण त्या माणसाच्या मागे, फुटपाथवर आहोत. तो आत जाणार, हे त्याच्या उभं राहण्यावरून कळतं. आपण मात्र बाहेरच राहणार. आणि आता गंमत बघा. हे पोस्टर टांगलेलं कुठे असायचं? रस्त्यावर, थिएटरच्या दर्शनी भागात. म्हणजे बघणारा खरोखरच फुटपाथवर उभा. चित्रातला फुटपाथ कागदाची कड ओलांडून त्याच्या पायाखाली आला. वर बघायचं, तर खिडकी. पुढे जायचं, तर तिकीट काढून दारातून आत. त्या म्हाताऱ्या धर्मगुरूने जे करायचं तेच प्रेक्षकानेही करायचं. हे सगळं ठरवून केलं असेल का? मला ते महत्त्वाचं वाटत नाही. कागद भिंतीवर गेल्यावर तसं झालं, एवढं पुरे आहे.

पाच वर्षं मागे जाऊ. 1968, ‘रोझमेरीज बेबी’. पोस्टर स्टीफन फ्रँकफर्ट आणि फिलिप गिप्स यांचं. अख्खा कागद हिरवा. त्या हिरव्यात मिआ फॅरोचा चेहरा, एका बाजूने, आडवा, एवढा मोठा की तोच आकाश झालाय. आणि त्या आकाशापुढे खडकाळ सुळक्यावर काळी बाबागाडी, बोटाच्या पेराएवढी. बाबागाडी बागेत असते, सपाट रस्त्यावर असते, तिच्या दांड्यावर कुणाचा तरी हात असतो. ही खडकावर आहे आणि हात नाही. चाकं घसरतील का, हा विचार मनात येतोच. आणि ती वर आहे, आपण खाली. आत डोकावता येत नाही. सिनेमातही बाळ आपल्याला धड दाखवलेलं नाही. सगळा सिनेमा त्या गाडीच्या काठापर्यंत येऊन थांबतो आणि पोस्टरही तिथेच थांबतं.

या हिरव्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. तिकडच्या प्रेक्षकाला हा हिरवा आजाराचा वाटतो, विषाचा वाटतो. आपल्याला? आपल्याकडे डोहाळजेवणाला बाईला हिरवी साडी नेसवतात, हिरवा चुडा भरतात, हिरव्या खणाने ओटी भरतात. पोटुशी बाई आणि हिरवा रंग ही आपल्या डोळ्यांना इतकी सवयीची जोडी आहे की त्यात वेगळं काही वाटतच नाही. आणि समोर हे चित्र: पोटुशी बाई, हिरवाच रंग, डोळे उघडे, आणि भोवती माहेरचं, सासरचं, कुणीच नाही. फ्रँकफर्ट-गिप्सना आपलं डोहाळजेवण ठाऊक असायचं कारण नाही. पण माझ्या मते हे पोस्टर मराठी बाईला न्यूयॉर्कच्या बाईपेक्षा जास्त लागेल. ओळखीचा रंग परक्या कामाला लावला की तो नुसत्या काळ्या-लालपेक्षा खोल जातो. काळा-लाल बघितला की आपण सावध होतो. हिरव्याला आपण दार उघडं ठेवलेलं असतं.

याच गिप्सनी 1979 साली ‘एलियन’चं पोस्टर केलं. काळंभोर अवकाश, मधोमध एक अंडं, अंड्याला तडा, तड्यातून पुन्हा हिरवट उजेड. सिनेमात एच. आर. गीगर यांनी घडवलेली अंडी चामड्यासारखी, पाकळ्यांनी उघडणारी. हे पोस्टरवरचं त्यांच्याशी काडीचं नातं सांगत नाही, हे आपल्या स्वयंपाकघरातलं कोंबडीचं. आणि खाली एक ओळ, ती बार्बरा गिप्स यांची. मतलब असा, की अवकाशात तुमची किंकाळी कुणाला ऐकू जात नाही. मघाशी मी म्हटलं, किंकाळी छापता येत नाही. या बाईने ती अडचणच जाहिरात करून टाकली! मुका कागद सांगतोय, इथे आवाज नाही. आणि बघणारा कुठे उभा? कुठेच नाही. पायाखाली जमीन नाही, वर-खाली नाही. एवढी एकटी जागा त्याआधी पोस्टरवर क्वचितच कुणी दिली असेल.

‘हॅलोवीन’वर थांबत नाही, सुरा, भोपळा आणि बॉब ग्लीसन यांनी रंगवलेली ती मूठ तुम्ही घरी जाऊन बघा, बोटांच्या पेरांकडे टक लावून बघा, एक चेहरा सापडेल.

कारण मला जवळून बघायच्या पोस्टरासाठी वेळ हवाय. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’, 1991, रचना डॉन बेली यांची. हे पोस्टर तीन पावलांवरून बघू. जोडी फॉस्टरचा फिकुटलेला चेहरा, डोळ्यांत तांबूस झाक, आणि तोंडावर बसलेला पतंग. तोंड दिसत नाही, त्यामुळे चेहऱ्यावर भाव कोणता ते ठरवता येत नाही. माणूस हसतोय की घाबरलाय हे आपण निम्मं तोंडावरून वाचतो. तो निम्मा मजकूर इथे खोडलाय. पण डोळे थेट आपल्याकडे. ती आपल्याला काहीतरी सांगू बघतेय आणि सांगता येत नाहीये.

आता एक पाऊल पुढे. पतंगाच्या पाठीवर कवटी आहे. या जातीच्या पतंगावर कवटीसारखी खूण खरोखरच असते, त्यामुळे आपण म्हणतो, ठीक. आणखी पुढे या, पुस्तक वाचायच्या अंतरावर. ती कवटी नाही. सात नग्न बायका आहेत, एकीला एक लागून अशा बसवलेल्या की त्यांच्या अंगांतून कवटी तयार व्हावी. हे छायाचित्र फिलिप हाल्समन यांनी साल्वादोर दालीच्या साथीने 1951 साली केलेलं. सिनेमातला खुनी बायकांना मारून त्यांची कातडी काढतो, तर त्या बायका तिथे आहेत, पण अर्ध्या इंचात. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या कधीच दिसणार नाहीत. दिसायच्या असतील तर कागदाला नाक लावावं लागतं. आणि नाक लावलं की लक्षात येतं, आपण एका बाईच्या तोंडाला तोंड लावून उभे आहोत आणि मधे तो पतंग. पोस्टर जवळ बोलावतं आणि जवळ आल्यावर लाज वाटायला लावतं. एकच पोस्टर निवडा म्हणालात तर मी हे निवडेन.

अक्षरांबद्दल थोडक्यात. ‘सायको’ची ती तुटलेली अक्षरं टोनी पॅलाडिनो यांनी 1959 साली रॉबर्ट ब्लॉकच्या कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी केली होती, हिचकॉकने 1960च्या सिनेमासाठी ती घेतली. आडव्या दोन चिरा आणि तुकडे किंचित सरकवलेले. वाचता येतं, पण वाचताना डोळा ठेचकाळतो. इतकं साधं काम आपल्या लिपीत अवघड आहे, असं मला कायम वाटत आलंय. देवनागरीला शिरोरेषा आहे. ती सगळ्या अक्षरांना धरून ठेवते, ती तोडली की शब्दच विस्कटतो. मग आपल्या पोस्टरवाल्यांनी काय केलं? रेषा तोडली नाही, तिच्यावरून रक्त ओघळवलं. हिंदी भयपटांची नावं आठवा. वाळत घातलेल्या कपड्यांतून पाणी गळावं तसं प्रत्येक कान्यातून, वेलांटीतून लाल गळतंय. भीती वाटत नाही, पण हात बसलेला दिसतो.

आणि त्यावरून आपल्या भिंतीवर येऊ. रामसे बंधू. फत्तेचंद रामसे यांनी 1970 साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला, तो पडला. पण पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात तेवढं दृश्य लोकांना आवडलं, हे त्यांच्या मुलांच्या लक्षात आलं. त्यातून 1972 साली ‘दो गज़ जमीन के नीचे’ आला, महाबळेश्वरला जाऊन केलेला, आणि पुढे ‘दरवाजा’, ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’. त्यांच्या पोस्टरांची रीत तुम्हाला आठवत असेल. वर राक्षसाचा मोठा चेहरा, खाली हवेली, मधे किंचाळणारी नायिका, नायक, विनोदवीर, धूर, आणि कोपऱ्यात गोलातला ‘ए’. त्या गोलाचं काम खुद्द राक्षसापेक्षा कमी नव्हतं. (हशा)

हे पोस्टर आपल्याला कुठे उभं करतं? पहिल्या रांगेत. जत्रेत तंबूबाहेर रंगवलेला पडदा असतो ना, दोन तोंडांचं वासरू, साप गिळणारा माणूस, आत बघायला मिळेल ते सगळं बाहेर मांडलेलं, तसं हे पोस्टर. इथे आपण सुरक्षित असतो आणि ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं. राक्षस आपल्याकडे बघतो तो गिऱ्हाइकाकडे बघावं तसा. म्हणून मला ही पोस्टरं मजेदार वाटतात, अस्वस्थ करणारी वाटत नाहीत. याचा अर्थ ती वाईट आहेत असा नाही. जॉर्जटाउनचं धुकं आमच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवलं असतं तर ते कुणाला दिसलं नसतं. शेजारी खतांची जाहिरात, वर निवडणुकीचा जुना चुना. तिथे ओरडावंच लागतं.

पण त्याच भिंतीवर एक गोष्ट व्हायची. पोस्टर खळीने चिकटवलेलं, आधीच्या पोस्टरवरच. पावसाळ्यात आठवडाभर भिजलं की कड सुटायची, पोरं ओढायची, आणि राक्षसाच्या गालाच्या जागी खालच्या सिनेमातल्या नटीचा डोळा उघडा पडायचा. एक चेहरा, दोन माणसांचा, दोन आकारांचा. ते बघून मी रस्त्याची बाजू बदललेली आहे. रामसेंच्या चित्रकाराला जे जमलं नाही, किंवा जे त्याला करायचंच नव्हतं, ते पावसाने केलं.

आता शेवटचा भाग, आणि त्यासाठी पार सुरुवातीला जावं लागेल. 1920, बर्लिन. ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ यायच्या आधी शहरात फलक लागले. त्यांवरच्या मजकुराचा आशय एवढाच: तुला कॅलिगारी व्हायचं आहे, झालंच पाहिजे. कॅलिगारी कोण, सिनेमा कसला, कुणाला कळेना. पण थेट ‘तू’. सिनेमा आल्यावर कळलं, की कॅलिगारीच्या ध्यासाने पछाडलेल्या डॉक्टरला हीच अक्षरं हवेत दिसतात. म्हणजे फलक वाचणाऱ्याला डॉक्टरच्या जागी आधीच उभं केलेलं होतं, त्याला न विचारता.

पाऊणशे वर्षांहून जास्त काळानंतर, 1999 साली, ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’वाल्यांनी हाच डाव साध्या कागदावर टाकला. ‘हरवले आहेत’ असे तीन तरुणांचे काळे-पांढरे कागद वाटले, चिकटवले, वर त्या नटांचीच खरी नावं. यात रचना म्हणावी अशी काही नाही. झेरॉक्सच्या दुकानात निघतो तसला कागद. पण तो बघणाऱ्याला प्रेक्षक राहू देत नाही, साक्षीदार करतो: तुम्ही यांना पाहिलंय का? त्यातल्या मुलीच्या आईला लोकांनी सांत्वनाची पत्रं पाठवली. जाहिरातीचं यश म्हणून ही गोष्ट सांगतात, मला ती सांगताना अवघडल्यासारखं होतं.

आणि आज पोस्टर कुठे आहे? फोनवर, आगपेटीएवढं. रोझमेरीची बाबागाडी तिथे दिसणार नाही, सात बायका तर नाहीतच. मोठी रिकामी जागा तिथे नुसतीच रिकामी दिसते. म्हणून ओळीने चेहरेच चेहरे. बघणारा फुटपाथवर नाही, पांघरुणात आहे, दिवा बंद करून, एकटा. मघाशी म्हटलं की पोस्टरकडे अंधार नसतो. आता तो आयता मिळालाय, आणि तो वापरता येईल असं चित्र मात्र क्वचित दिसतं.

एक गोष्ट तेवढी नवी झालीय. 2017 साली नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी उघडपणे लिहिलं, की एकाच सिनेमाचं चित्र ते प्रत्येकाला वेगळं दाखवतात. उदाहरण त्यांनीच दिलं: ‘गुड विल हंटिंग’, प्रेमकथा बघणाऱ्याला त्यातल्या जोडीचं चित्र, विनोदी सिनेमे बघणाऱ्याला रॉबिन विल्यम्सचं. भुताच्या सिनेमालाही हेच लागू पडतं. आजवर पोस्टर आपल्याला एका जागी उभं करायचं आणि त्या जागी शेकडो लोक येऊन उभे राहायचे. आता आपण कुठे उभे आहोत हे आधी बघून पोस्टर ठरतं. मला काय दाखवलं ते तुम्हाला दिसत नाही, तुम्हाला काय दाखवलं ते मला. या सभागृहात प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. प्रश्नोत्तरं सुरू होण्याआधी एकच भयपट सगळ्यांनी उघडून बघा आणि शेजाऱ्याच्या फोनमध्ये जरा डोकवा.